‘पुरारोगशास्त्र’ की ‘पुराविकृतिशास्त्र’?

प्रश्न: उत्खननात मिळालेल्या मानवी सांगाड्यांवरून प्राचीन काळच्या रोगांचा माग काढणाऱ्या शास्त्राला, म्हणजे पॅलिओपॅथॉलॉजीला, मराठीत ‘पुरारोगशास्त्र’ म्हणावे की ‘पुराविकृतिशास्त्र’? मला पहिला शब्द सोयीचा वाटतो, कारण ‘विकृती’ म्हटले की वाचकाच्या मनात आधी मनोविकृतीच येते.

उत्तर: आपली अडचण खरी आहे, तरीही माझा कौल दुसऱ्या शब्दाला आहे. ‘विकृती’ म्हणजे प्रकृतीत झालेला बिघाड, हा तिचा जुना अर्थ येथे नेमका लागू पडतो. कारण हाडावर प्रत्यक्ष रोग दिसत नाही, तर रोगामुळे हाडात झालेला बदल तेवढा दिसतो. हाड झिजते किंवा त्यावर नवे हाड धरते, आणि निरनिराळे रोग याच दोन वाटांनी उमटत असल्यामुळे एकट्या खुणेवरून रोगाचे नाव सहसा घेता येत नाही. राजस्थानातील बालाथल येथील सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा असल्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही नाकाभोवतीची व वरच्या जबड्याची झीज इतर बदलांशी ताडून पाहिल्यावरच.

याच कारणाने ‘सांगाड्यात क्षयाची लक्षणे दिसतात’ असे लिहिणेही मला खटकते. ताप, खोकला, वेदना ही लक्षणे जिवंत रोगी सांगतो किंवा वैद्य त्याच्यात पाहतो. खचलेले मणके आणि त्यामुळे आलेले कुबड या मात्र ‘खुणा’ होत. ‘निरोगी सांगाडा’ हा प्रयोग तर टाळावाच. पटकीसारख्या रोगाने चार दिवसांत दगावलेल्या माणसाच्या हाडांना बदलायला अवधीच मिळत नाही, आणि ज्याच्या हाडांवर खुणा आहेत तो त्या रोगासह काही काळ तगला असणार. १९९२ पासून अभ्यासक ज्याला अस्थिविषयक विरोधाभास म्हणतात तो हाच. म्हणून ‘खुणा नसलेला सांगाडा’ एवढेच म्हणावे.

‘प्राचीन रोगशास्त्र’ असे सुटे लिहिले तर प्राचीनांचे रोगशास्त्र असा भलताच अर्थ निघतो, म्हणून ‘पुरा’ जोडूनच लिहावे. सुटा शब्द ‘विकृती’, पण समासात ‘विकृति’ ऱ्हस्व, हेही जाता जाता सांगतो.

पुरवणी प्रश्न: मग लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतील दातांतून प्लेगाच्या जिवाणूचा जनुकसंच २०११ मध्ये मिळवला गेला, त्याचे काय? तेथे रोग सापडला, पण हाडात विकृती कोठे होती?

उत्तर: हा आक्षेप मला मान्य आहे. शास्त्राचे मूळ नाव रूढ करणारे मार्क आर्मंड रफर यांनीही १९१० मध्ये इजिप्तच्या ममींच्या मूत्रपिंडांत बिल्हार्झिया कृमीची अंडी दाखवली होती. म्हणजे या शास्त्राची व्याप्ती आरंभापासूनच हाडांपुरती नव्हती. तेव्हा मजकूर सांगाड्यांविषयी असेल तेथे ‘पुराविकृतिशास्त्र’ लिहावे, आणि रोगजंतूंच्या डीएनएविषयी असेल तेथे ‘प्राचीन रोगजंतूंचा अभ्यास’ असे सरळ शब्द वापरावेत. आपला ‘पुरारोगशास्त्र’ या दोहोंना पोटात घेणारा व्यापक शब्द म्हणून चालेल, मात्र एकाच लेखात दोन्ही शब्द समानार्थी म्हणून आलटूनपालटून येऊ नयेत.