एका बेडरूमच्या घरात दुसरी बेडरूम: प्रत्यक्ष राहून काय वाटले?

मुले मोठी होतात, आई-वडील कायमचे राहायला येतात किंवा कोणाचे तरी ऑफिस घरात येऊन बसते, आणि कालपर्यंत पुरणारे एका बेडरूमचे घर एकाएकी अपुरे पडू लागते. मोठे घर घेणे जमणारे नसले की आहे त्याच भिंती इकडच्या तिकडे करण्याचा विचार सुरू होतो. आमच्याकडे तो सुरू झाला तेव्हा मला नकाशे आणि छायाचित्रे भरपूर मिळाली. पण अशा खोलीत दोन-चार वर्षे झोपलेल्या माणसाने काही लिहिलेले मिळेना. म्हणून हा अनुभव धागा. काय केले यापेक्षा राहून काय वाटले, हे लिहिलेत तर अधिक बरे. फसलेले प्रयोगही अवश्य लिहावेत.

सुरुवात माझ्यापासून करते. आमचा हॉल 19 फूट लांब आणि साडेदहा फूट रुंद. मुख्य दार एका टोकाला आणि एकमेव मोठी खिडकी दुसऱ्या टोकाला. खिडकीकडचे नऊ फूट वेगळे करून सासूबाईंसाठी खोली करायची असे ठरले. आमच्या आर्किटेक्टबाईंनी नकाशा दिला, पण काम सुरू करण्याआधी एक अट घातली: रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी जमिनीवर लावून भिंत आखा, दाराच्या जागी अडीच फूट मोकळे ठेवा, आणि भिंत खरीच आहे असे समजून दहा दिवस वावरा. एकेरी पलंगाच्या मापाची, म्हणजे 3 फूट बाय सव्वासहा फुटांची घडी घालून आम्ही आत चादर अंथरली आणि कपाटाच्या जागी रिकामी खोकी रचली.

पहिले तीन दिवस हा खेळच वाटला. मुलीला तर आजीच्या अदृश्य दारावर टकटक करण्याची चटकच लागली. चौथ्या रात्री सासूबाई उठल्या, नेमाने पट्टीतल्या मोकळ्या जागेतून बाहेर आल्या, हॉल ओलांडला आणि आमच्या बेडरूमच्या दारापाशी येऊन थांबल्या. घरातले एकमेव शौचालय आमच्या बेडरूमच्या आत होते. त्या हॉलमध्ये झोपत तेव्हा आमचे दार रात्री उघडेच असे, म्हणून ही गोष्ट कधी जाणवली नव्हती. आणि नवी खोली करायची ती मुळी दोन्ही दारे लावता यावीत म्हणूनच. “अगं, मग मी रोज रात्री तुमचं दार वाजवायचं का?” असे त्यांनी अंधारातच विचारले. कागदावर हा प्रश्न आम्हा चौघांपैकी कोणालाही दिसला नव्हता.

नकाशा बदलला. शौचालयाचे बेडरूममधले दार बुजवून पॅसेजच्या बाजूने नवे दार पाडले. ती भिंत भार पेलणारी नाही, याची आधी इंजिनियरकडून खात्री करून घेतली. नवी खोली उभी करण्यापेक्षा या एका दारापायी अधिक दिवस गेले आणि अधिक धूळ खाल्ली, पण घरातला सर्वांत उपयोगी बदल कोणता असे विचाराल तर तो हाच.

उजेडासाठी नवी भिंत सात फुटांपर्यंत भरीव ठेवून वर छतापर्यंत दुधी काच बसवली. त्या उसन्या उजेडावर हॉलमध्ये दुपारपर्यंत दिव्यावाचून भागते. रात्री मात्र सासूबाई वाचत बसल्या की हॉलच्या छतावर उजेडाचा पट्टा पडतो आणि त्या जाग्या असल्याचे सगळ्या घराला कळते. त्यांना ते आवडत नाही. आता त्यांनी काचेला आतून पडदा लावून घेतला आहे, आणि तो दिवसा सरकवायचे निम्म्या वेळा राहून जाते.

—

आमचा मार्ग वेगळा होता. आम्ही स्वयंपाकघराचीच बेडरूम केली आणि ओटा हॉलच्या एका भिंतीशी नेला. स्वयंपाकघराला स्वतःची खिडकी होती, म्हणजे तयार खोलीच हाती आली, असे वाटून मी खूश होतो. प्लंबरने पहिल्याच भेटीत टेप लावून तो आनंद संपवला. नवे सिंक सांडपाण्याच्या उभ्या पाइपापासून सुमारे सव्वाचार मीटर दूर जात होते. आडव्या पाइपातून सांडपाणी आपोआप वाहायचे तर मीटरमागे साधारण अडीच सेंटीमीटर ढाळ द्यावा लागतो. म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा सेंटीमीटरांहून अधिक. हा पाइप फरशीखाली दडवायचा तर त्याची स्वतःची जाडी धरून जमीन सहा-सात इंच उचलावी लागली असती आणि हॉलमध्ये ऐन मधोमध पायरी आली असती. शेवटी पाइप फरशीच्या वरून, भिंतीलगत, ओट्याखालच्या कपाटांच्या मागून नेला. वळणाच्या जागी सफाईसाठी झाकण ठेवू या असे प्लंबर सांगत होता, ते मी दिसायला बरे नाही म्हणून नाकारले. दीड वर्षात दोनदा तुंबल्यावर कपाटाची पाठ कापून तेच झाकण बसवून घेतले.

गॅसची जुनी जोडणी अधिकृत माणसाकडूनच काढून घेतली. झोपायच्या खोलीतून गॅसची नळी जाऊ देऊ नये. “एवढ्याशा नळीने काय होतंय” असे म्हणणाऱ्या कारागिराला नमस्कार करून परत पाठवावे.

ज्याचा विचार कोणीच केला नव्हता तो त्रास मात्र वरून आला. बहुतेक इमारतींत स्वयंपाकघरावर स्वयंपाकघर आणि मोरीवर मोरी अशी रचना असते, त्यामुळे आमच्या नव्या बेडरूमच्या डोक्यावर वरच्यांचा ओटा आहे. पहाटे पाचला मिक्सर सुरू होतो, मग भांडी, आणि कोपऱ्यातल्या पाइपातून सरसरत उतरणारे पाणी. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? ते आपल्या स्वयंपाकघरातच आहेत, जागा सोडली ती आम्ही. उलट आमचे नवे सिंक आता खालच्यांच्या हॉलवर आले आहे, आणि काम चालू असताना त्यांनी तीनदा येऊन काळजीने चौकशी केली यात त्यांचे काहीच चुकले नाही. ओल्या जागा दुसऱ्याच्या कोरड्या खोल्यांवर सरकवायला अनेक इमारतींत मनाई असते ती याचसाठी.

—

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे आणि अशा कामांत बहुधा भांडण झाल्यावर मला बोलावले जाते. वरच्या दोघांनी भिंतीच्या वजनाविषयी काही लिहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. चार इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत चौरस मीटरला साधारण 240 ते 250 किलो भरते. तीन मीटर लांब आणि नऊ फूट उंच भिंत घातली की स्लॅबवर एका सरळ रेषेत सुमारे दोन टनांचा भार येतो, आणि त्या रेषेखाली बीम असेलच असे नाही. तेवढीच भिंत हलक्या, हवेच्या पोकळ्या असलेल्या सिमेंटच्या ब्लॉकांनी बांधली तर भार निम्म्याच्या आसपास येतो. पत्र्याच्या चौकटीवर दोन्ही बाजूंनी जिप्सम बोर्डाचा एकेक थर लावला तर सगळे मिळून दोनशे-अडीचशे किलोंत काम आटोपते. राहत्या घरात मधेच नवी भिंत घालायची असेल तर विटांचा हट्ट का धरू नये, ते यावरून ध्यानात येईल.

पाडायच्या भिंतीबाबत एकच सांगतो. टिचकी मारून “ही काढली तरी चालते” असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. जाड भिंत भार पेलते आणि पातळ पेलत नाही, हा ठोकताळा जुन्या इमारतींत अनेकदा खोटा ठरतो. मूळ नकाशे आणि जागेवरची तपासणी यांवाचून हा निर्णय होत नाही. आणि वायरचा पाइप बसवण्यासाठी कॉलम किंवा बीम खोदू देऊ नये. हे काम दुपारी, घरमालक बाहेर गेलेला असताना होते, असा माझा अनुभव आहे.

—

इंजिनियरसाहेबांनी सांगितली तशीच हलकी भिंत आम्ही घातली. तिच्या आवाजाविषयी मी लिहिते. माझी ड्यूटी रात्रपाळीची, म्हणजे मी सकाळी नऊला झोपते आणि पलीकडच्या खोलीत मुलाचा अभ्यास चालतो. पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की त्याचे पुस्तकाचे पान उलटले तरी मला कळते. भिंत आत पोकळ होती आणि कंत्राटदाराने ती फॉल्स सीलिंगपर्यंतच नेली होती. वरचा सव्वा फूट मोकळा, आणि तिथून आवाज आरामात ये-जा करत होता. शिवाय दोन्ही खोल्यांतले स्विचचे डबे पाठीला पाठ लावून एकाच जागी बसवले होते, म्हणजे त्या जागी भिंत नावापुरतीच.

दुरुस्त करणाऱ्या सुताराने आधी मला माझ्या खोलीत अंधार करून उभे केले आणि पलीकडे दिवा लावला. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून आवाज येतो, असे तो म्हणाला. दाराखाली बोटभर, चौकटीच्या कडेला, स्विचभोवती, अशा सात रेघा मोजल्या. मग बोर्ड थेट स्लॅबला भिडवले, आत रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) भरली, एक डबा दीड-दोन फूट बाजूला सरकवला, कडा लवचीक सीलंटने भरल्या आणि दाराला रबरी पट्टी लावली. आता बोलणे ऐकू येते, शब्द कळत नाहीत. तेवढे मला पुरते. हे सारे आधीच केले असते तर एकाच धुळीत भागले असते.

—

आमचा प्रयोग फसला, तो थोडक्यात लिहितो. हॉलचा खिडकीपासून दूरचा, आतला भाग आम्ही भिंत घालून वेगळा केला. खोली दिसायला सुरेख झाली. खिडकी मात्र नव्हती. पंखा आहे, दाराला जाळी आहे, म्हणजे हवा खेळेल असा आमचा समज होता. पंखा आहे तीच हवा फिरवतो, नवी आणत नाही, इतकी साधी गोष्ट तेव्हा सुचली नाही. मुलगी दार लावून झोपली की सकाळी डोके जड झालेले असे. पहिल्या पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या बाजूला बुरशी धरली. एक्झॉस्ट पंखा बसवला, पण तो हवा सोडणार कुठे, तर हॉलमध्येच.

निर्णय मात्र वेगळ्याच कारणाने झाला. अग्निशमन दलात काम केलेले एक स्नेही घरी आले होते. त्यांनी खोली पाहिली, आणि हॉलमध्ये आग लागली तर मुलगी कुठून बाहेर पडेल, एवढेच विचारले. चौदा महिन्यांनी ती भिंत आम्ही उतरवली. जिप्समची असल्यामुळे दोन दिवसांत निघाली. फरशीवर स्क्रूच्या भोकांची रांग अजून आहे, आणि पाहुण्यांनी विचारले की मी खरे ते सांगतो.

—

आम्ही नवी खोली घातलीच नाही. आहे त्या बेडरूमचे दोन भावांसाठी दोन भाग केले आणि आम्ही दोघे हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर आलो. हे उलटे गणित अनेकांना पटत नाही, पण दार लावून अभ्यास करण्याची गरज मुलांना होती, आम्हाला नव्हती. खिडकी दोन झडपांची होती. मधल्या उभ्या दांड्याला भिडवूनच मधली आडोशाची भिंत घातली, त्यामुळे प्रत्येकाला एकेक झडप मिळाली. आत जाताना छोटीशी सामाईक जागा आणि तिथून दोन सरकती दारे, कारण एवढ्याशा जागेत बिजागरीचे दार उघडले की माणसाला उभे राहायलाच जागा उरत नाही.

खरी करामत पलंगांची. वरखाली दोन पलंग भिंतीतच बसवले: खालचा धाकट्याच्या बाजूने उघडा, वरचा थोरल्याच्या बाजूने. दोघांचे अंथरूण जमिनीच्या एकाच तुकड्यावर, पण तोंडे विरुद्ध दिशांना. वरच्याला पलंगावर ताठ बसता येत नाही, हा दोष आहे; गादी चार इंचांपेक्षा जाड घेऊ नये. थोरला आता सहा फुटांना टेकला आहे आणि पाय दुमडून झोपतो. भांडण झाले की धाकटा खालून फळीला लाथा मारतो, हे नकाशात कोणी धरले नव्हते.

—

वरील सर्वांना जोडून एक छोटी सूचना. बोर्ड लावून भिंत बंद करण्याआधी आतल्या वायरी आणि पाइपांची छायाचित्रे, शेजारी मोजपट्टी धरून, काढून ठेवावीत. परवानगीची कागदपत्रे आणि बदललेला नकाशाही त्यांच्यासोबतच ठेवावा. घर विकताना आमच्याकडे पहिली मागणी त्यांचीच झाली.

—

हा धागा वाचून आम्हीही परवा चिकटपट्टी लावली. आज तिसरा दिवस. पलंग आणि भिंत यांमध्ये दोन फूट वाट ठेवली होती, तिथून एकटे जाता येते. पण चादर बदलायला वाकले की कोपर भिंतीतून आरपार जाते. दार आत उघडले तर कपाटाचे एक झडप पूर्ण उघडत नाही, बाहेर उघडले तर जेवणाच्या टेबलाची खुर्ची अडते. यजमान सरकत्या दाराच्या बाजूने आहेत. पण वर रात्रपाळीच्या ताईंनी आवाजाविषयी जे लिहिले आहे ते वाचून मी बिचकले आहे. सरकत्या दाराच्या फटी कोणी नीट बुजवल्या असतील तर कशा, ते कृपया लिहावे. सुतार सोमवारी येणार आहे.