बेरजेची रेघ आणि ‘अधोरेखित’

(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या खानदेशातल्या गावांवरून.)

चोपडा : सोसायटीच्या अहवालातलं जमाखर्चाचं पान वर्डमध्ये करायचंय. नमुन्यावर शेरा आहे, ‘एकूण रक्कम दुहेरी अधोरेखित करावी’. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबलं की दुहेरी रेघ येते, पण प्रत्येक रकान्यात वेगळ्या लांबीची. शब्द चुकलाय की पद्धत?

पारोळा : दोन्ही, भाऊ. ‘अधोरेखित’ मजकुराला लागतं. वाक्यातला शब्द ठळक दाखवायचा, तर तो अधोरेखित करतात. वहीतली बेरजेची रेघ रकान्याची असते. आकडा दोन अंकी असो की सात अंकी, ती रकानाभर जाते. शेऱ्यात ‘एकूण रकमेवर एक रेघ, खाली दुहेरी’ असं हवं होतं.

एक्सेलनं हा भेद पाळलाय. तिथे साध्या ‘सिंगल’ अंडरलाइनशिवाय ‘सिंगल अकाउंटिंग’ वेगळी आहे, ती आकड्यापासून जरा खाली सुटून पडते. मराठीत तिला ‘हिशेबी रेघ’ म्हणायला हरकत नसावी.

रावेर : वर्डमध्ये तशी अकाउंटिंग अंडरलाइन नाही, तिथेच लोक फसतात. रेघ लांबवायला टॅबसकट अंडरलाइन करतात आणि ती ‘एकूण’ या शब्दापासून थेट रकमेपर्यंत धावते. शिवाय ‘एकूण’मधला कू बघा. साधी अंडरलाइन त्याच्या ऊकारातूनच जाते. छापल्यावर ऊकार आहे की रेघ, कळत नाही.

चोपडा : मग टेबल?

रावेर : हो. समजा रकमा अशा आहेत : केळी १,१२,७५०.००, कापूस ८६,४००.५०, बारदान ९५०.००, एकूण २,००,१००.५०. ‘एकूण’च्या ओळीत फक्त रकमेच्या सेलमध्ये कर्सर ठेवा. बॉर्डर्स अँड शेडिंग उघडा. वर एकेरी, खाली दुहेरी रेघ, जाडी अर्धा पॉइंट. उजवीकडे ‘अप्लाय टू’ आहे, तिथे ‘सेल’ऐवजी ‘पॅराग्राफ’ निवडा. सगळी गंमत तिथेच आहे. सेलची बॉर्डर शेजारच्या सेलला चिकटते, त्यामुळे ‘चालू वर्ष’ आणि ‘मागील वर्ष’ या दोन रकान्यांच्या रेघा जुळून एकच होते. पॅराग्राफची बॉर्डर सेलच्या आतल्या समासात थांबते. मूळ सेटिंगमध्ये हा समास दोन्ही बाजूंना ०.१९ सेंमी असतो, म्हणजे दोन रेघांत ०.३८ सेंमीची फट आपोआप पडते. ऑप्शन्समध्ये मजकुरापासूनचं अंतर १ पॉइंट असतं. देवनागरीसाठी ते ३ करा.

पारोळा : याच फटीला काय म्हणायचं? ‘स्पेस’ म्हटलं की माणूस स्पेसबार दाबत सुटतो. दोन रकान्यांत ‘अंतर’, कडेला ‘समास’, दोन शब्दांत ‘मोकळी जागा’. तिन्ही वेगळे. स्पेसबारनं रकमा जुळवल्या तर पडद्यावर बऱ्या दिसतात, फाँट बदलला की विस्कटतात, कारण स्पेसची रुंदी अंकाएवढी असेलच असं नाही.

चोपडा : रकमा तर उजवीकडे अलाइन केल्यात. तरी काही ओळी पुढे-मागे दिसतात.

रावेर : कुठे पैसे लिहिलेत, कुठे नाहीत. उजवं अलाइनमेंट शेवटचं अक्षर जुळवतं, दशांश चिन्ह नाही. कंस असेल तर तोही जागा खातो. सेल डावीकडे अलाइन करा, वरच्या पट्टीच्या (रूलरच्या) डाव्या कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक करत डेसिमल टॅब, म्हणजे दशांश चिन्हं एकाखाली एक आणणारा टॅब, आणा आणि पट्टीवर हवा तिथे ठेवा. टेबलात यासाठी टॅब दाबावा लागत नाही, आकडा आपोआप बसतो. (सेलमध्ये मुद्दाम टॅब हवाच असेल तर कंट्रोल-टॅब. नुसता टॅब पुढच्या सेलमध्ये नेतो.)

तरीही एककाखाली एकक, दशकाखाली दशक येत नसेल तर दोष फाँटचा. ११११११ आणि खाली ८८८८८८ टाइप करून बघा. दोन्हींची लांबी सारखी नसेल तर तो फाँट हिशेबाला घेऊ नका.

शिरपूर : ‘रकाना’ की ‘स्तंभ’? संगणकाच्या मराठीत ‘स्तंभ’ बराच चालतो.

पारोळा : ‘स्तंभ’ म्हटलं की स्तंभलेखक आठवतो. आकड्यांना रकानाच. आडव्याला ‘ओळ’, आपल्याकडे बोलताना तिची ‘ओय’ होते तो भाग वेगळा. ‘कॉलम’ म्हटलं तरी कुणी अडत नाही.

रावेर : चोपडावाले भाऊ, एक राहिलं. ‘एकूण’ची ओळ एकटीच पुढच्या पानावर गेली तर वरची रेघ अधांतरी दिसते. तिच्या आधीची, म्हणजे बारदानाची, ओळ निवडून पॅराग्राफमध्ये ‘कीप विथ नेक्स्ट’ला खूण करा. दोन्ही ओळी बरोबरच जातील. तक्ता पानभराहून मोठा असेल तर तिथे पानबेरीज, म्हणजे त्या पानापर्यंतची बेरीज, घ्या आणि पुढच्या पानाची पहिली ओळ ‘मागील पानावरून’ अशी सुरू करा. पानबेरजेला मात्र दुहेरी रेघ नको, एकेरीच.