चर्चा धागा: जिरोना २०२३-२४. दुबळ्याची बाजू की सिटीची शाखा?

तिसरी_जागा (धागाकर्ता)

२०२३-२४ च्या ला लीगात, म्हणजे स्पेनच्या पहिल्या श्रेणीच्या फुटबॉल लीगात, सोळा सामन्यांनंतर तक्त्यात सगळ्यात वर जिरोना होता. १३ विजय, २ बरोबऱ्या, १ हार, गुण ४१. कँप नूचं बांधकाम चालू असल्याने बार्सिलोना त्या वर्षी मोंजुइकच्या ऑलिंपिक स्टेडियमवर खेळत होता, तिथे जाऊन १० डिसेंबरला जिरोनाने त्यांना ४-२ हरवलं. ज्या क्लबच्या मोंटिलिवी मैदानात साडेचौदा हजार माणसं मावतात आणि त्यातलीही काही लोखंडी नळ्यांच्या तात्पुरत्या स्टँडवर बसतात, त्याने हे केलं. शेवटी ८१ गुणांसह तिसरा आला. रेआल माद्रिद ९५, बार्सिलोना ८५.

आता दोन टोमणे कायम ऐकू येतात. पहिला: हा कसला दुबळा, मँचेस्टर सिटीचं पिल्लू. दुसरा: असल्या संघांची हवा फेब्रुवारीत जातेच, उगाच जीव कशाला टांगायचा.

माझं म्हणणं असं की त्या हंगामात जिरोनाची बाजू घेणं पूर्ण योग्य होतं, आणि तेही डोकं शाबूत ठेवून. पटत नसेल तर आकडे घेऊन या. ‘फुटबॉलमध्ये काहीही होऊ शकतं’ छापाचे प्रतिसाद नकोत.

आकडेमोड

असहमत. आकडे मागितलेत, घ्या.

क्लबची सुमारे ४७ टक्के मालकी सिटी फुटबॉल ग्रुपकडे, २०१७ पासून. आणखी १६ टक्के ज्या कंपनीकडे, तिचा मालक पेरे ग्वार्दिओला, म्हणजे सिटीच्या तेव्हाच्या प्रशिक्षकाचा सख्खा भाऊ. डाव्या विंगवर ज्याने सगळ्यांना नाचवलं तो साव्हिन्यो त्रुआ या फ्रेंच क्लबकडून उसना आलेला. त्रुआ कुणाचा? त्याच ग्रुपचा. त्रुआसाठी तो एकही सामना खेळला नाही, हंगाम संपल्यावर थेट सिटीत गेला. उजवा बॅक यान कौतो सिटीकडूनच उसना. २०२४-२५ मध्ये जिरोना आणि सिटी दोघेही चँपियन्स लीगला पात्र ठरले, तेव्हा युरोपीय महासंघ युएफाच्या नियमात बसण्यासाठी ग्रुपला जिरोनातले शेअर तात्पुरते त्रयस्थ विश्वस्तांकडे सोपवावे लागले. दुबळ्या क्लबला असली कसरत करावी लागत नाही.

घर बांधलं दुसऱ्याच्या विटांनी आणि कौतुक गवंड्याचं, असा हा प्रकार आहे.

मांडवीकाठ

आकडेमोडबाब, मालक २०१७ पासून तोच, मग पुढचा इतिहासही सांगा की.

२०१९ ला जिरोना दुसऱ्या श्रेणीत घसरला. २०२० ला प्लेऑफच्या, म्हणजे वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या, अंतिम लढतीत एल्चेने भरपाई वेळेत, ९६व्या मिनिटाला, गोल करून दार बंद केलं. २०२१ ला रायोच्या मैदानावर २-१ जिंकले आणि परतीच्या सामन्यात घरी ०-२ हरले. २०२२ ला तेनेरिफेत ३-१ जिंकून एकदाचे वर आले. सिटीच्या पैशाने सगळं होत असतं तर तीन वर्षं तिथे खितपत का पडले असते? ग्रुपचेच बाकीचे क्लब बघा, त्रुआचं काय झालं ते बघा. मालक एकच, नशीब वेगळं.

आणि हे गाव आम्हां गोंयकारांना पूर्वीपासून माहीत आहे. एफसी गोवाचा कोरो, म्हणजे फेरान कोरोमिनास, मूळ जिरोना विमानतळाजवळच्या विलोबी द'ओन्यारचा. आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट लागोपाठ दोनदा त्याने नेला, २०१७-१८ ला १८ गोल, पुढच्या हंगामात १६. त्याआधी तो जिरोनाकडून दुसऱ्या श्रेणीत खेळलेला. फातोर्ड्यात, एफसी गोवाच्या मैदानावर, ज्यांनी कोरोला डोक्यावर घेतलं त्यांना जिरोना डिसेंबर २०२३ मध्ये अचानक सापडला नाही.

तिसरी_जागा

मांडवीकाठ, +१. त्यात एक तांत्रिक मुद्दा घालतो, कारण तो नेहमी निसटतो.

स्पेनमध्ये मालक श्रीमंत असला म्हणून वाटेल तेवढा पगार देता येत नाही. लीग प्रत्येक क्लबला संघखर्चाची मर्यादा आखून देते. अपेक्षित उत्पन्नातून खेळाव्यतिरिक्तचा खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा केले की उरतं तेवढंच खेळाडूंचे पगार आणि खरेदीच्या वार्षिक हप्त्यांवर घालायचं. मालकाने भांडवल ओतलं तरी मर्यादा थोडीच आणि टप्प्याटप्प्यानेच वाढते. त्या हंगामाच्या सुरुवातीला ही मर्यादा माद्रिदसाठी ७२७ दशलक्ष युरो, बार्सिलोनासाठी २७०, जिरोनासाठी सुमारे ५२. चौदापट फरक आहे हा! बाजारात तो अर्तेम दोव्बिकच्या रूपाने दिसतो. द्निप्रो-१ कडून सात-आठ दशलक्षांना आणलेला हा स्ट्रायकर २४ गोल करून लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला.

आकडेमोड

आणि म्हणूनच उसनवारीचं महत्त्व! तुम्हीच माझा मुद्दा मांडलात. खरेदी केली की किंमत करारातल्या वर्षांत विभागून दरवर्षी मर्यादेत धरतात. उसन्या खेळाडूचा पगाराचा वाटा तेवढा धरला जातो, कधी तोही अर्धाच. साव्हिन्योसारखा पोरगा विकत घ्यायला निघाले असते तर ५२ च्या मर्यादेत उरलेला संघ बसला नसता. ओसासुना किंवा कादिससारख्या छोट्या क्लबला ही खिडकी कोण उघडून देतं? एकाच तक्त्यात दुबळ्यांच्याही दोन जाती झाल्या, ओळखीवाले आणि बिनओळखीचे. माझा आक्षेप एवढाच आहे.

तिसरी_जागा

हा आक्षेप मान्य. ओसासुनाच्या तुलनेत जिरोना सुखवस्तू होता. पण लढत ओसासुनाशी नव्हती.

डावा_बॅक

मालकीवर खूप झालं. गाडी रुळावरून का घसरली ते मैदानात बघू.

जिरोनाचा प्रशिक्षक मिचेलची रचना कागदावर ४-३-३. चेंडू ताब्यात आला की डावा बॅक मिगेल गुतिएरेस रेषा सोडून आत यायचा आणि आलेश गार्सियाच्या शेजारी दुसरा मधला खेळाडू व्हायचा. पलीकडे कौतो विंगरच्या उंचीवर. मागे तीन, मध्ये दोन, पुढे पाच. आक्रमणात पाच वाटा एकदम भरल्या की प्रतिस्पर्ध्याच्या चार बचावपटूंपैकी कुणाला तरी दोघांना सांभाळावं लागतं. डावीकडे साव्हिन्योला मुद्दाम एकटं सोडायचं, म्हणजे त्याच्या वाट्याला एकच बचावपटू येतो आणि त्याला तो चकवतो. ८५ गोल असे आले. माद्रिदचे ८७ होते, फक्त दोन जास्त.

आता बिघाड. चेंडू मध्यभागी हरवला की दोन्ही बॅक आपापल्या जागी नसतात. मागच्या तिघांना मैदानाची सगळी रुंदी धावून झाकावी लागते, आणि त्यात दाली ब्लिंड. पास देण्यात उस्ताद, पण वय ३३, पळण्यात कुणालाही गाठणारा नाही. मधल्या फळीतल्या संघांविरुद्ध हे खपतं, कारण त्यांना चेंडू जिंकल्यावर पहिले दोन पास नीट जमत नाहीत. माद्रिदला जमतात.

१० फेब्रुवारी २०२४, माद्रिदचं मैदान बेर्नाबेऊ. गुण माद्रिद ५८, जिरोना ५६. ब्लिंड आणि यांगेल एरेरा दोघेही निलंबित, मिचेलसुद्धा निलंबनामुळे डगआउटबाहेर. सहाव्या मिनिटाला विनिसियुस डावीकडून आत वळला आणि पेटीबाहेरूनच मारला, गोल. ३५व्या मिनिटाला त्यानेच बुटाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा वळवून सरकवला की बेलिंगहॅम बचावाच्या पाठीमागे मोकळा. गोलरक्षक गाझानिगाला बगल देऊन रिकाम्या जाळीत. दोन्ही गोल कौतोच्या बाजूने सुरू झाले. संपलं ४-०. सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर ०-३ झालंच होतं. म्हणजे माद्रिदशी १८० मिनिटं खेळून सात गोल खाल्ले, एकही केला नाही.

त्या रात्री कौतोला मागे ठेवायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत. पुढचे पाच चार झाले असते, हरकत नाही. दोन गुणांनी मागे असताना बेर्नाबेऊत बरोबरी म्हणजे चांगला सौदा.

एक_शून्य

डावा_बॅक, दंडवत! पण बरोबरीसाठी खेळणारा जिरोना म्हणजे साखर न घातलेला शिरा. मिचेलने तसं केलं असतं तर याच धाग्यावर ‘घाबरला’ म्हणून शिव्या दिल्या असत्या.

(स्पेनमधले रात्रीचे नऊ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे दीड, उन्हाळ्यात साडेबारा. मोंजुइकचे सहा गोल बघून सोमवारी कामावर गेलेल्यांना इथे विशेष मताधिकार मिळावा.)

आकडेमोड

डावा_बॅकच्या मुद्द्यावर आकड्यांची मोहोर. पहिल्या १९ सामन्यांत गुण माद्रिद ४८, जिरोना ४८. नंतरच्या १९ मध्ये माद्रिद ४७, जिरोना ३३. बेर्नाबेऊतून परतल्यावर नवव्या दिवशी अॅथलेटिकने बिल्बाओत ३-२ केलं. पुढे मायोर्का ०-१, गेटाफे ०-१, अॅटलेटिको १-३, सगळे बाहेरगावी. घरी बियारेआलकडून ०-१.

आणि खाल्लेले गोल: माद्रिद २६, जिरोना ४६. माद्रिदचा गोलरक्षक कुर्त्वा, बचावपटू मिलितांव आणि अलाबा, तिघेही गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाचा बराचसा भाग बाहेर होते, तरीही २६! जिरोनाला तर युरोपच्या स्पर्धाही नव्हत्या, आठवडाभर आराम मिळत होता. विजेतेपदाची लढत जानेवारीतच संपली होती, तक्त्याने ते उशिरा दाखवलं.

रियाझोर_९४

थोडं जुनं काढतो, कारण इथे एक गंमत दडलेली आहे.

१९९३-९४, देपोर्तिवो ला कोरुन्या. शेवटच्या दिवशी, १४ मे १९९४ ला, घरच्या रियाझोर मैदानावर वालेन्सियाविरुद्ध ०-० आणि शेवटच्या क्षणी पेनल्टी. नेहमी मारणारा दोनातो बदली होऊन बाहेर गेलेला. स्ट्रायकर बेबेतो पुढे आला नाही. सर्बियन बचावपटू ज्युकिचने धाव घेतली, फटका कमकुवत, गोलरक्षक गोन्सालेसने अडवला. तिकडे बार्सिलोनाने सेवियाला ५-२ हरवलं. दोघांचे ५६ गुण (तेव्हा विजयाला दोनच गुण), पण आपसातल्या सामन्यांत बार्सिलोना सरस (३-० आणि ०-१), लीग त्यांची.

आता गंमत. प्रशिक्षक क्रायफच्या त्या विजेत्या बार्सिलोनाचा हिशेब होता २५ विजय, ६ बरोबऱ्या, ७ पराभव. जिरोनाचा २०२३-२४ चा हिशेब? २५, ६, ७. तंतोतंत तोच. एकाला लीग मिळाली, दुसऱ्याला चौदा गुणांनी मागे तिसरी जागा.

मात्र देपोर्तिवोने त्या हंगामात ३८ सामन्यांत फक्त १८ गोल खाल्ले. २०१४ मध्ये अॅटलेटिकोने ९० गुणांनी लीग नेली तेव्हा २६. छोट्याने लीगवर दावा सांगायचा तर गोल वाचवून. म्हणून जिरोनाच्या बाबतीत मी आकडेमोड यांच्या बाजूने. संघ गोड होता, लीग जिंकणारा नव्हता.

मांडवीकाठ

रियाझोर_९४, तुमच्याच क्लबने तुमचं म्हणणं खोडलंय. १९९९-२००० ला प्रशिक्षक इरुरेताच्या देपोर्तिवोने लीग जिंकली ती ६९ गुणांनी, ११ सामने हरून, ४४ गोल खाऊन! बार्सिलोना आणि वालेन्सिया ६४ वर अडकले. त्या वर्षी जिरोनाचे ८१ गुण असते तर बारा गुणांनी लीग. छोट्याने काय केलं याच्याइतकंच दांडग्यांनी काय घालवलं हे मोजावं लागतं, आणि ते डिसेंबरात कुणालाच कळत नसतं.

रियाझोर_९४

मान्य. १९९४ बद्दलही एक कबुली देतो. विजयाला तीन गुण असते तर (स्पेनमध्ये ते १९९५-९६ पासून आले) बार्सिलोना ८१ आणि देपोर्तिवो ७८. पेनल्टीची हळहळ आहे ती आहेच, पण बारा बरोबऱ्या ज्युकिचने एकट्याने केल्या नव्हत्या.

तिसरी_जागा

गोल खाण्याचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर मी माघार घेतो. ‘हंगामाच्या मध्यावर खाल्लेले गोल बघा’ ही चाचणी मूळ लेखात हवी होती. पण पुढे काय झालं तेही मांडा. उन्हाळ्यात दोव्बिक रोमाला, आलेश गार्सिया लेव्हरकुसेनला, साव्हिन्यो सिटीला, कौतो डॉर्टमुंडला, उसना एरिक गार्सिया परत बार्सिलोनाला. २०२४-२५ ला चँपियन्स लीगच्या आठ सामन्यांत एकच विजय, आणि लीगमध्ये सोळावा क्रमांक. सिटीची शाखा म्हणता, पण दुकान लुटलं जाताना शाखेला कुणी वाचवलं नाही. दुबळेपणाचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

आकडेमोड

लुटणाऱ्यांत सिटीही होती, हे विसरू नका.

एक_शून्य

एक शंका. ४ मे २०२४ ला मोंटिलिवीत पुन्हा बार्सिलोनाला ४-२ केलं, त्याच दिवशी माद्रिदची लीग पक्की झाली आणि जिरोनाची चँपियन्स लीगही. समजा शेवटी बार्सिलोनाशी गुण समान झाले असते, तर?

डावा_बॅक

जिरोना वर. ला लीगात आधी आपसातले गुण, मग आपसातला गोलफरक, आणि तरीही सारखं असेल तर एकूण गोलफरक. इथे ६ विरुद्ध ०, पुढे जायची गरजच नाही. फक्त हे लक्षात ठेवा की दोघांतला दुसरा सामना होईपर्यंत हा नियम लागू होत नाही, तोवर तक्ता एकूण गोलफरकावर लावलेला असतो. हंगामाच्या मध्यावर ‘समान गुण, पण आपण वर’ म्हणून नाचणारे इथेच फसतात.

रियाझोर_९४

२००३ चा रेआल सोसिएदाद हे त्याचं उदाहरण. माद्रिदशी बेर्नाबेऊत ०-०, घरी आनोएतात ४-२, म्हणजे नियम त्यांच्या बाजूने. दोन सामने बाकी असताना ७३ विरुद्ध ७२ असे पुढेही होते. मग बिगोला सेल्टाकडून २-३ हरले. शेवटी माद्रिद ७८, सोसिएदाद ७६.

एक_शून्य

म्हणजे बिगोला बरोबरी झाली असती तर काम झालं असतं?

आकडेमोड

नाही. ७७ विरुद्ध ७८.