त्रिकोणमितीय नित्यसमानता सिद्ध करताना पुढची पायरी कशी ठरवावी?

प्रश्न

नमस्कार. साइनवर्ग आणि कॉसवर्ग यांची बेरीज १ असते हे सूत्र, तसेच त्यातून निघणारी सेक-टॅन आणि कोसेक-कॉट यांची सूत्रे मला पाठ आहेत. सोडवलेले उदाहरण वाचले की प्रत्येक पायरी पटतेही. मात्र नवे उदाहरण समोर आल्यावर तीच पायरी आपल्याला सुचावी कशी, हे उमगत नाही. सगळे साइन आणि कॉसमध्ये मांडले तर राशी कित्येकदा आवरण्याऐवजी आणखी पसरते. दोन उदाहरणे देत आहे.

टॅन अ / (१ − कॉट अ) + कॉट अ / (१ − टॅन अ) = १ + टॅन अ + कॉट अ

(साइन अ − कॉस अ + १) / (साइन अ + कॉस अ − १) = १ / (सेक अ − टॅन अ)

दुसऱ्या उदाहरणात तिरकस गुणाकार करून दोन्ही बाजू सारख्याच येतात असे दाखवले, तर ती सिद्धता ग्राह्य धरावी का?

उत्तर १

पायरी सुचण्यासाठी डाव्या बाजूइतकेच लक्ष उजव्या बाजूकडे द्यावे, कारण कोणती गुणोत्तरे शेवटी उरायला हवीत हे तीच सांगते. आपल्या पहिल्या उदाहरणात दोन्ही बाजूंना फक्त टॅन आणि कॉट आहेत, म्हणजे साइन-कॉसकडे वळण्याचे कारणच नाही. टॅन अ ऐवजी त लिहिले की कॉट अ म्हणजे १/त. मग पहिले पद त² / (त − १) होते आणि दुसरे १ / त(१ − त), म्हणजेच −१ / त(त − १). छेद समान करून बेरीज केली की (त³ − १) / त(त − १) मिळते. येथे घनांच्या वजाबाकीचे सूत्र वापरून त − १ हा अवयव काढून टाकला की (त² + त + १) / त उरते, आणि प्रत्येक पदाला त ने भागल्यावर त + १ + १/त, म्हणजे नेमकी उजवी बाजू. त्रिकोणमिती यात केवळ एका ओळीपुरती होती. बाकी सर्व काम बीजगणिताचे होते. बहुतेक नित्यसमानतांमध्ये असेच घडते, म्हणून अवयव पाडण्याचा सराव येथे सूत्रांच्या पाठांतरापेक्षा अधिक उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या उदाहरणात उजवीकडे सेक आणि टॅन आहेत, तर डावीकडे साइन आणि कॉस. हा फरक मिटवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे अंश आणि छेद दोहोंना कॉस अ ने भागणे. त्यातून (टॅन अ + सेक अ − १) / (टॅन अ − सेक अ + १) मिळते. आता छेदातील १ च्या जागी सेक²अ − टॅन²अ लिहावे; त्याचे अवयव (सेक अ − टॅन अ)(सेक अ + टॅन अ) असे पडतात आणि संपूर्ण छेदातून सेक अ − टॅन अ हा सामाईक अवयव बाहेर येऊन (सेक अ − टॅन अ)(सेक अ + टॅन अ − १) असा गुणाकार तयार होतो. यातील दुसरा कंस म्हणजेच अंश. तो गेला की सिद्धता पूर्ण होते. अंशातील १ मात्र तसाच ठेवावा. दोन्हीकडील १ एकदम बदलला तर हा सामाईक कंस नजरेतून निसटतो.

छेदात १ − साइन अ यासारखी राशी एकटी असेल, तर अंश आणि छेद यांना तिच्या अनुबद्ध राशीने, म्हणजे १ + साइन अ ने गुणावे. छेदात लगेच कॉस²अ तयार होतो.

उत्तर २

तिरकस गुणाकाराविषयी. जे सिद्ध करायचे आहे ते खरे धरून सुरुवात केली आणि शेवटी १ = १ आले, एवढ्याने मूळ विधान सिद्ध होत नाही; त्या पायऱ्या उलट दिशेनेही चालल्या पाहिजेत. उदाहरणार्थ, साइन अ = √(१ − कॉस²अ) या विधानाच्या दोन्ही बाजूंचा वर्ग केला तर एक निर्विवाद सूत्र मिळते, तरीही २७०° साठी डावी बाजू −१ आणि उजवी बाजू १ येते. तिरकस गुणाकार शून्येतर छेदांनी केला असेल तर तो उलटवता येतो, म्हणून आपली सिद्धता चुकीची ठरणार नाही, पण तसा उल्लेख सिद्धतेत हवा. त्यापेक्षा एका बाजूपासून निघून दुसरीपर्यंत पोहोचावे, किंवा दोन्ही बाजू स्वतंत्रपणे एकाच तिसऱ्या राशीपर्यंत आणाव्यात. दोन्ही रीती निर्दोष आहेत.

नित्यसमानता खरी असते ती दोन्ही बाजूंना अर्थ असलेल्या कोनांसाठीच. पहिल्या उदाहरणात ४५° घेतले तर उजवी बाजू ३ येते, परंतु डावीकडील दोन्ही छेद शून्य होतात. दुसऱ्यात ०° घेतले तर डावीकडे अंश आणि छेद दोन्ही शून्य होतात, उजवीकडे मात्र १ येतो.

उदाहरण छापताना चुकले असावे अशी शंका आली, तर ३०° सारखी किंमत घालून पाहावी. ०° आणि ९०° टाळावेत, कारण साइन अ + कॉस अ = १ हे नित्यसमानता नसलेले समीकरणही तेथे खरे ठरते. एका किमतीने विधान खोटे पाडता येते, सिद्ध करता येत नाही.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. हीच दृष्टी साइन आणि कॉस यांच्या सहाव्या घातांची बेरीज १ − ३ साइन²अ कॉस²अ आहे हे दाखवताना कशी लावावी?

उत्तर १

उजवीकडे वर्गांचा गुणाकार आहे, म्हणून सहावा घात हा वर्गाचा घन मानावा. साइन²अ = क आणि कॉस²अ = ख घेतले, तर क³ + ख³ = (क + ख)³ − ३कख(क + ख), आणि येथे क + ख = १. चौथ्या घातांच्या बेरजेसाठीही हेच करून पाहावे. तेथे उत्तर १ − २ साइन²अ कॉस²अ येते.