चाचणी चर: अभ्यास की पंचनामा?

पायवाटकर
इंग्लंडात बकिंगहॅमशरच्या चिल्टर्न टेकड्यांमध्ये ‘ग्रिम्स डिच’ नावाचा जुना खंदक आहे. खंदक आणि त्यातलीच माती टाकून शेजारी घातलेला बांध, एवढाच प्रकार, पण तुकड्यातुकड्यांनी मैलोन् मैल गेलेला. बहुधा लोहयुगातला, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. सॅक्सन लोक आले तेव्हा हे कुणी खणलं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणून ग्रिमच्या, म्हणजे त्यांच्या वोडन देवाच्या, नावावर टाकून मोकळे झाले. आपण नाही का, लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणतो!

लंडन-बर्मिंगहॅम वेगवान रेल्वे (एचएस-टू) सुमारे 16 किलोमीटरच्या बोगद्यातून साउथ हीथला बाहेर पडते आणि पुढे या बांधाला आडवी कापते. अशा ठिकाणी रूळ पडायच्या आधी पुरातत्त्ववाले चाचणी चर (खाली काय दडलंय ते बघायला नमुन्यादाखल खणलेले लांब पट्टे) घेतात, आणि त्याचं कौतुकही होतं. माझा आक्षेप या ‘चाचणी’ शब्दाला आहे. मार्ग फेब्रुवारी 2017 मध्ये संसदेच्या कायद्याने ठरला. 1979 च्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकाला हात लावायला जी परवानगी लागते, तीसुद्धा या 2017 च्या कायद्याने बाजूला ठेवली. आता चरात काहीही निघो, रूळ वीतभर तरी हलणार आहे का? मग ही चाचणी कसली? मेल्यावरचा पंचनामा म्हणा.

थापी_कुंचला
शब्द झणझणीत आहे, पण अर्धाच खरा. विद्यार्थी असताना दोन हंगाम उत्खननावर माती उपसली आहे, त्या जोरावर सांगतो.

चाचणी चर म्हणजे साधारण 30 मीटर लांब, दोनेक मीटर रुंद पट्टा. जेसीबीला दात नसलेलं सपाट बकेट लावतात आणि वरची माती पापुद्र्यासारखी काढतात. शेजारी पुरातत्त्वज्ञ डोळ्यांत तेल घालून उभा. रंग बदलला की यंत्र थांबतं, थापी सुरू होते. मग बांधाचा आणि खंदकाचा उभा छेद घेतात. तळाला बसलेला गाळ पहिल्या काही पावसाळ्यांचा असतो, त्यात कोळसा किंवा हाड मिळालं तर कार्बन कालमापन करता येतं. चिल्टर्नची जमीन चुनखडीची. अशा मातीत गोगलगायींचे शिंपले टिकतात, आणि कुठली जात सापडते त्यावरून तिथे तेव्हा जंगल होतं की कुरण, ते कळतं. सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे बांधाखाली गाडली गेलेली जुनी जमीन. बांध घालायच्या आदल्या दिवशीची!

बांध जपून ठेवलात तर फक्त बांध दिसेल, त्याचं वय दिसणार नाही.

पायवाटकर
मान्य. पण वय काढायला एक छेद पुरतो. रेल्वेच्या खोदाईएवढी खिंड पाडावी लागत नाही.

रूळकरी
मी स्थापत्य अभियंता आहे, शिव्या खायची सवय आहे. तासाला 360 किलोमीटर वेगाने गाडी न्यायची तर वळणांची त्रिज्या कित्येक किलोमीटर लागते. ‘जरा बाजूने घ्या’ म्हणजे आधीचे-पुढचे पूल, बोगद्याचं तोंड, सगळंच हलवा. आणि मैलोन् मैल पसरलेली रेघ ओलांडायची तर कुठेतरी कापावीच लागणार. चर नसता घेतला तर काय होतं ते आपल्याच उपखंडात झालंय. 1850 च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वेसाठी हडप्प्याच्या विटा उपसून खडीसारख्या रुळांखाली टाकल्या. सुमारे शंभर मैलांना पुरतील इतक्या, असं तेव्हाचे पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम यांनीच नोंदवलंय.

नाकतोडी
हडप्पा मध्ये आणणं म्हणजे ‘दरोडा नाही टाकला, नुसतं पाकीट मारलं’ म्हणण्यापैकी आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या अडाणीपणाशी तुलना केली की आज काहीही चांगलंच दिसणार.

आणि मार्ग हलत नाही म्हणता? ऑक्टोबर 2023 मध्ये बर्मिंगहॅमच्या पुढचा मँचेस्टरचा अख्खा टप्पा रद्द केला की! पैशासाठी नकाशावरच्या लांबलचक रेघा पुसता येतात. बांधासाठी मात्र त्रिज्या आड येते.

रूळकरी
रद्द करणं आणि वळवणं यात फरक आहे, ताई. पण टोमणा लागला, हे कबूल.

थापी_कुंचला
याच रेल्वेवर स्टोक मँडव्हिलला जुन्या चर्चच्या अवशेषांखाली रोमन काळातले दोन अर्धपुतळे आणि लहान मुलाचं शिर सापडलं, 2021 मध्ये. रेल्वे आली नसती तर ते जमिनीतच राहिले असते.

पायवाटकर
मग काय बिघडलं असतं? इतकी शतकं राहिलेच होते की! पुढच्या पिढीकडे आपल्याहून बरी साधनं असतील. आणि चाचणी चर बहुतेकदा जागेच्या 2 ते 5 टक्केच बघतात. उरलेल्या 95 टक्क्यांबद्दल अंदाजच ना?

थापी_कुंचला
म्हणून तर आधी चुंबकीय मोजणी करून, म्हणजे न खणता जमिनीखालच्या खुणा टिपून, चर कुठे घ्यायचे ते ठरवतात. अंदाज असतो, पण डोळे मिटून नाही. आणि जमिनीत सगळं सुखरूप असतं हा गैरसमज आहे, दरवर्षी नांगर बोटबोट खातो.

पायवाटकर
ग्रिम्स डिचचे बरेच तुकडे झाडीत आहेत. तिथे नांगर कुठला?

माळवद
तुमचं भांडण वाचून हेवा वाटला. निदान भांडायला चर तरी आहे.

आमच्याकडे गावाशेजारी पांढरीचं टेकाड असतं, जुन्या वस्तीच्या राखेमातीचं. ही पांढरी माती पिढ्यान् पिढ्या घराच्या धाब्यावर घालायला नेत आले, हल्ली ट्रॅक्टरने शेतात टाकतात. केंद्राने संरक्षित केलेलं स्मारक असेल तर 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी. पण बहुतेक पांढरी कुठल्याच यादीत नाहीत. रेल्वेला तर 2006 च्या अधिसूचनेत पर्यावरण मंजुरीच लागत नाही, मग चर कोण मारतो!

आमच्या पांढरीवर पाण्याची टाकी झाली. पाया खणताना रंगीत खापरं निघाली, पोरांनी लगोरीला वापरली.

नाकतोडी
एखादं तरी ठेवलंय का?

माळवद
एक आहे. आईने देवळीत पणतीखाली ठेवलंय. तेलाने काळं झालंय, पण कडेची नक्षी दिसते.

थापी_कुंचला
दादा, उद्या उजेडात फोटो काढून टाका. शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि घासू नका!