प्रति: गाडीचं दार खाली बसलंय, बिजागरी बदलू की स्ट्रायकर सरकवू?

भाऊ, दार उचलून लावावं लागतं म्हणून वर कुणीतरी स्ट्रायकर (दाराचं लॉक ज्यात अडकतं तो चौकटीवरचा हुक) खाली सरकवायचा सल्ला दिलाय, तो कृपा करून ऐकू नका. त्यानं बिजागरीची झीज लपते, थांबत नाही. दार अर्धं उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला. बिजागरीत खटखट जाणवली तर पिन आणि बुश (पिनेभोवतीची छोटी नळी) गेलेत.

दार काढायला दोघं लागतात. खाली जॅक, त्यावर लाकडी ठोकळा आणि जाड कापड. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मगच दाराच्या वायरिंगचा कनेक्टर काढा. आपल्या नागपूरच्या उन्हात त्यावरचं रबर कडक होतं, ओढलं की फाटतं आणि पावसाळ्यात पाणी आत शिरतं. नट सैल करण्याआधी बिजागरीच्या कडेनं मार्करनं रेघ मारा, नाहीतर दाराभोवतीच्या फटी जुळवताना जीव जातो. बिजागरी वेल्ड केलेली असेल तर फक्त पिन ठोकून काढायची.

तयार बुश मिळाला नाही तर लेथवाल्याकडून पितळी बनवून घ्या, पण मापाला नवी पिन द्या. झिजलेल्या पिनेवर नवा बुश टिकत नाही. स्ट्रायकरला हात अगदी शेवटी, तोही गरज पडली तरच.