हिरडीच्या आजाराने झिजलेले हाड शस्त्रक्रियेने भरून येते का?

प्रश्न : निपाणीकर
माझी आई ५८ वर्षांची आहे. तिची मिसरी गेल्या दिवाळीपासून सुटली आहे. खोल साफसफाई होऊन दोन महिने झाले, तरी खालच्या एका दाढेपाशी ७ मिलिमीटरचे पॉकेट (दात आणि हिरडी यांमधली खोल फट) राहिले आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी हाडाची भुकटी आणि पडदा घालून शस्त्रक्रिया सुचवली आहे. याचा उपयोग होईल का? शिवाय आमचे घर शाकाहारी असल्याने ती भुकटी कशाची असते, हे आईला आधी जाणून घ्यायचे आहे.

उत्तर : दंतवैद्य, खानापूर
सारे काही हाड कसे झिजले आहे यावर अवलंबून आहे. ते सगळीकडून सारखे खाली गेले असेल, तर पुन्हा वर आणता येत नाही. दाढेलगत अरुंद, खोल खड्डा पडून त्याच्या दोन-तीन बाजूंना हाडाच्या भिंती उरल्या असतील, तर मात्र आशा चांगली असते. मुळांच्या फाट्यातले हाड आरपार झिजून गेले असल्यास मी स्वतः ही शस्त्रक्रिया सुचवत नाही.

पडद्याचे काम समजून घ्या. हिरडीच्या वरच्या थरातील पेशी झपाट्याने वाढतात आणि जखमेत आधी उतरून मुळाला चिकटतात. त्यामुळे जखम भरते, पण हाड आणि दाताला हाडाशी बांधणारे तंतू तयार होण्याची संधी जाते. पडदा त्या पेशींना अडवून धरतो. स्वीडनच्या स्टुरे निमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली माणसाच्या दातावर हे प्रथम दाखवले.

भुकटी पुष्कळदा गुरांच्या हाडांवर प्रक्रिया करून बनवतात आणि पडदाही बहुधा प्राणिज कोलॅजन या प्रथिनाचा असतो. आईंची शंका म्हणूनच रास्त आहे. कृत्रिमरीत्या बनवलेले हायड्रॉक्सीअपेटाइट किंवा बायोअ‍ॅक्टिव्ह ग्लास हे पर्याय आहेत, पडदाही कृत्रिम मिळतो. तसे आधीच सांगून केसपेपरवर लिहून घ्या.

उत्तर : चिकोडीहून
माझी हीच शस्त्रक्रिया झाली आहे. टाके निघेपर्यंत त्या जागी ब्रश लावायचा नव्हता, फक्त क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या होत्या. हाड भरले की नाही हे एक्स-रेत दिसायला सहा महिन्यांहून अधिक काळ गेला, आणि तेवढा धीर धरणे मला सर्वांत कठीण गेले. आईंना मधुमेह असल्यास साखर आधी आटोक्यात आणा. मिसरी पुन्हा सुरू झाली, तर केलेले वाया जाईल.

निपाणीकर
आपल्या दोघांचे मनापासून आभार. साखर तपासलेली नाही, ती उद्याच तपासतो, आणि खड्ड्याला किती भिंती उरल्या आहेत हे एक्स-रे घेऊन डॉक्टरांना विचारतो.